डोईवरची मोळी

दिल्ली म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे लाल किल्ला येतो, संसद भवन येतं, सव्वीस जानेवारीचं संचलन येतं. डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेली बाई काही येत नाही. दिल्लीच्या सीमेला खेटून असलेल्या फरिदाबादेत, सूरजकुंडच्या बाजूला आठव्या मजल्यावर राहायला गेलेल्या काकूंच्याही ती ध्यानीमनी नव्हती. 2009 चा डिसेंबर होता. नव्या घरातली पहिलीच सकाळ. चहाचा कप घेऊन त्या बाल्कनीत आल्या. समोर धुक्यात बुडालेल्या अरवलीच्या बुटक्या टेकड्या होत्या आणि टेकड्यांकडून येणाऱ्या रस्त्यावर सहा-सात झुडपं एकामागून एक चालत येत होती. काकूंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तेव्हा झुडपांखाली पाय दिसले.

"अगंबाई, या तर मोळीवाल्या!"

काकू मूळच्या संगमेश्वर तालुक्यातल्या. यजमानांच्या नोकरीमुळे 1996 साली फरिदाबादला आल्या आणि तिथेच रमल्या. ओळखीतली मराठी मुलं त्यांना काकू म्हणत, म्हणून सगळी इमारतच काकू म्हणू लागली. शेजारच्या पंजाबी कुटुंबाला मात्र हे नाव फार दिवस कोड्यात टाकत होतं, कारण त्यांच्याकडे 'काका' म्हणजे घरातला लहान मुलगा. साठीच्या बाईला काकू कसं म्हणायचं? शेवटी त्यांनी 'काकू जी' म्हणून मान राखला.

मोळीवाल्या रोज दिसत. थंडीत जास्त, पावसाळ्यात कमी. काकू त्यांच्याकडे पाहत आणि त्यांना आपलं गाव आठवे. पौष लागला की गावातल्या बायका रानात जायच्या. कमरेच्या आकडीत कोयती, पदराला भाकरी. ऐन, किंजळाच्या फांद्या तोडायच्या, वाळवायच्या, वेलीने मोळी आवळायची आणि चुंबळीवर ठेवून डोंगर उतरायचा. मृग लागायच्या आत पडवी लाकडांनी भरली पाहिजे. चार महिने पाऊस कोसळत असताना ओलं सरपण फुंकत बसण्याची पाळी ज्या घरावर येई, त्या घरच्या बाईचं गावात हसं होई. आठ-नऊ वर्षांच्या काकू आईच्या मागून काटक्यांची चिमुकली मोळी घेऊन चालत. पुढे लग्न झालं, मुंबईच्या बिऱ्हाडात गॅसची शेगडी आली, आणि मोळी ही गोड आठवण झाली. 'चुलीवरच्या भाकरीची चव या गॅसला नाही,' हे वाक्य काकूंनी हिंदीत इतक्यांदा ऐकवलं होतं की शेजारणींना ते पाठ झालं होतं. आईच्या हातची कोयती त्यांनी गावाहून आणली होती. ती घासूनपुसून दिवाणखान्याच्या भिंतीवर लावली होती, वारली चित्राच्या शेजारी.

अशी पंधरा वर्षं गेली. पंधरा वर्षं त्या बायकांना वरून पाहिलं, पण खाली उतरून कधी एक शब्द विचारला नाही. शहरात असं होतं.

यजमान निवृत्त झाल्यावर काकू सकाळी फिरायला जाऊ लागल्या. 2024 च्या नोव्हेंबरात अशाच एका सकाळी फाटकाबाहेरच्या पिंपळाच्या पारावर एक मोळी टेकलेली दिसली. शेजारी पन्नाशी ओलांडलेली एक बाई पायातला काटा काढत बसली होती. काकूंनी पाण्याची बाटली पुढे केली आणि सवयीने विचारलं, "ताई, पानी?"

बाईने चमकून वर पाहिलं, मग प्रसन्न हसली. काकूंना नंतर उमगलं. आपली ताई म्हणजे थोरली बहीण. हरियाणात ताई म्हणजे बापाच्या थोरल्या भावाची बायको, घरातली मानाची वडीलधारी. अनोळखी शहरी बाईने एवढा मान द्यावा, हे त्या माउलीला नवल वाटलं होतं. तेव्हापासून त्या ताई झाल्या आणि या काकू. दोघींचीही नावं दोघींना पुष्कळ दिवस ठाऊक नव्हती. त्यावाचून काही अडलंही नाही.

ताईंच्या मोळीत सगळी एकाच झाडाची लाकडं होती. वाकडीतिकडी, करड्या सालीची, बोटभर काट्यांची. "विलायती कीकर," ताई म्हणाल्या. काकूंनी ओळखलं. ही तर आपली वेडी बाभूळ! मराठवाड्या-विदर्भातल्या माळांवर, रेल्वेच्या कडेने माजलेली. गुजरातेतही तिला वेडी बाभूळच म्हणतात, 'गांडो बावळ'. मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेची. 1877 साली जमैकाहून बी मागवून आंध्रातल्या कडप्याला ती पहिल्यांदा लावली गेली. पुढे नवी दिल्ली वसत असताना शहरामागच्या उघड्या-बोडक्या खडकाळ डोंगराला हिरवं करायचं ठरलं, आणि 1920 ते 1940 च्या दरम्यान इंग्रज अधिकाऱ्यांनी तिथे हिचं बी टाकलं. पाणी नको, माती नको, राखण नको. हिरवी पानं गुरं तोंडात धरत नाहीत. शेंगा मात्र आवडीने खातात आणि शेणावाटे बी गावोगाव पोचवतात. बघता बघता हिने डोंगर व्यापला. पळस, खैर, हिवर, सालई या इथल्या जुन्या झाडांना हिच्याखाली उगवणंही मुश्कील झालं.

वनस्पतिशास्त्राचे लोक हिच्या नावाने बोटं मोडतात आणि त्यात तथ्य आहे. पण ताईंना विचाराल तर त्या वेगळं सांगतील. हिचं लाकूड जड असतं, निखारा टिकतो, अर्धवट ओलंही पेटतं. तोडलेल्या खोडाला पुढच्या पावसाळ्यात पाच नवे फुटवे येतात. गेली तीन पिढ्या या टेकड्यांतल्या गावांचा स्वयंपाक या परदेशी झाडाने रांधला आहे.

"आणि जुनी झाडं? धौ वगैरे?" काकूंनी एकदा विचारलं.

ताईंनी जीभ चावली. त्यांचं माहेर मांगरचं. फरिदाबाद-गुरुग्राम रस्त्यावरच्या या गावाजवळ मांगर बनी नावाचं दाट रान आहे. सगळ्या अरवलीत कीकर माजला, पण तिथे अजून धौची झाडं उभी आहेत, आपल्या धावड्याच्या जातकुळीतली. गुदरिया दास बाबा नावाच्या साधूचं ते स्थान. तिथली काडीदेखील कुणी उचलत नाही, गुरं चारत नाहीत. उचलली तर अपाय होतो अशी श्रद्धा. "चूल पेटली नाही तरी चालेल, बनीत हात घालायचा नाही," ताई म्हणाल्या. काकूंना यापुढे काही समजावून सांगावं लागलं नाही. त्यांच्या गावच्या देवराईतही वाळलं पान घरी आणायची बंदी होती.

हळूहळू ताईंचा दिवस काकूंना कळत गेला. पहाटे चारला उठणं. दोन म्हशींचं शेणपाणी, धार. मग उजाडताना चौघी-पाचजणी मिळून निघतात. एकटीने जायचं नाही, कारण दगडांच्या खाणींनी डोंगर पोखरलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2002 आणि 2009 साली इथल्या खाणींवर बंदी आणली तेव्हा खड्डे तसेच राहिले, त्यांत निळंशार खोल पाणी साचलं. शहरातली मुलं तिथे फोटो काढायला जातात आणि अधूनमधून बुडतात. ताईंचे यजमान त्याच खाणीत दगड फोडत. खाण थांबली, कामही थांबलं. ते पारावर हुक्का घेऊन बसले ते बसलेच. बायकांचं काम मात्र कुठल्या आदेशाने थांबत नाही.

लाकूड तोडायचं म्हणजे आधी वाट करायची. लांब काठीला बांधलेल्या आकड्याने काटेरी फांदी ओढून खाली घ्यायची, पायाने दाबायची, मग कुऱ्हाड. काटे छिलून टाकायचे, नाहीतर मानेत घुसतात. जाड लाकडं मध्ये, काटक्या बाहेर, दोन ठिकाणी आवळून बांधायचं. डोक्यावर कापडाची ईंढी, म्हणजे आपली चुंबळ. मोळी डोक्यावर चढवायला दुसरं माणूस लागतं. एकमेकींना उचलून देतात.

"मग शेवटच्या बाईला कोण देतं?" काकूंच्या मनात हा प्रश्न लहानपणापासून होता.

"ती उंच दगड शोधते. त्यावर मोळी उभी करते, खाली बसते आणि डोकं घालून उठते. सगळ्यांत धडधाकट असेल तिनेच शेवटी राहायचं."

"आणि ती कोण?"

"इतकी वर्षं मीच," ताई म्हणाल्या.

एके दिवशी फाटकाशी रद्दीवाला उभा होता. काकूंनी गंमत म्हणून मोळी त्याच्या काट्याला लावायला सांगितली. सत्तावीस किलो! काकूंनी ती उचलून पाहायचा प्रयत्न केला. मोळी गुडघ्याच्या वर आली नाही. रद्दीवाला हसला, ताई हसल्या, काकूही हसल्या, पण त्या दिवशी घरी येऊन त्यांनी हिशेब मांडला. जायला-यायला मिळून सात किलोमीटर, तोडायला दोन तास. एकूण चार तास. आठवड्यातून पाच खेपा. ही लाकडं ताईंच्या घरी फुकट येतात, असं सगळे म्हणत. ताईंचे यजमानही तसंच म्हणत.

फुकट म्हणणाऱ्यांत सरकारी गॅसयोजनेची चर्चा करणारेही येतात. ताईंच्या सुनेच्या नावावर उज्ज्वला योजनेतला गॅस होता. ही योजना 1 मे 2016 रोजी उत्तर प्रदेशातल्या बलियात सुरू झाली आणि तीन वर्षांत देशभर 8 कोटी जोडण्या दिल्या गेल्या. आठ कोटीवी जोडणी 2019 च्या सप्टेंबरात आपल्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, दिली गेली. काम मोठंच झालं, यात शंका नाही. मग ताई डोंगरात का जात होत्या?

काकूंनी हाच प्रश्न थोडा दटावणीच्या सुरात विचारला. ताईंनी शांतपणे उत्तर दिलं. सिलिंडर दिल्लीत तेव्हा 803 रुपयांना पडायचा, एप्रिल 2025 मध्ये तो 853 झाला. त्यातले 300 रुपये उज्ज्वलावाल्यांना तेव्हा परत मिळत, पण ते मागाहून, बँकेत. आधी सगळी रक्कम एकदम मोजावी लागते. घरात पैसा येतो तो थोरल्या मुलाच्या ड्रायव्हरच्या पगाराचा आणि दुधाचा. दुधाचा रतीब डेअरीला, डेअरीचे पैसे महिन्याने यजमानांच्या हातात. ताईंच्या हातात कधीच एकावेळी आठशे रुपये नसत. चार तास मात्र रोज असत.

काकू गप्प राहिल्या. उज्ज्वलाच्या जोडणीवर वर्षाला सरासरी चार-साडेचार सिलिंडरच भरून घेतले जातात, असं त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं होतं. त्याचं कारण 'जुन्या सवयी' असं कुणीतरी लिहिलं होतं. तेही काकूंना पटलं होतं, कारण चुलीवरच्या भाकरीची चव त्यांना माहीत होती.

तसं पाहिलं तर सवयीचाही भाग होताच. ताईंच्या अंगणात हारा होता. हारा म्हणजे मातीची खोल शेगडी, तीत गोवऱ्यांच्या मंद आचेवर दिवसभर दूध तापत राहतं आणि त्याला बदामी रंग येतो. गावाच्या कडेला बिटौडे उभे होते. गोवऱ्या रचून वरून शेणाने लिंपलेल्या, बोटांनी नक्षी काढलेल्या या ढिगाऱ्यांना परका माणूस झोपड्याच समजतो. बाजरीची भाकरी ताईंना गॅसवर जमत नसे. "फुलत नाही आणि घरातले पुरुष खात नाहीत," त्या म्हणत. यातलं पहिलं कारण खरं की दुसरं, कोण जाणे.

त्याच सुमाराला मेलबर्नहून काकूंच्या भाच्याने फोटो पाठवला. हिवाळ्यासाठी घरात शेकोटी आहे, म्हणून तो आणि त्याचा मित्र रानात जाऊन लाकडं घेऊन आले होते. यांत्रिक करवत, मोटारीमागे जोडलेली ट्रॉली, डोळ्यांना चष्मे, हातात मोजे. तिथल्या व्हिक्टोरिया राज्यात शरद आणि वसंत अशा दोन हंगामांत सरकारने आखून दिलेल्या जागी पडलेली लाकडं घरगुती वापरासाठी नेता येतात. माणशी दिवसाला दोन घनमीटर, घरटी वर्षाला सोळा. उभ्या झाडाला हात लावायचा नाही, विकायचं नाही. काकूंनी फोटो ताईंना दाखवला. ताईंनी बराच वेळ पाहिला, विशेषतः ते मोजे.

"इनको कोई रोकता नहीं?"

"नाही. नियमच तसा आहे."

ताईंना नियम माहीत होता तो एवढाच, की पहारेकरी दिसला की कुऱ्हाड झुडपात टाकायची. फरिदाबाद-गुरुग्रामच्या पुष्कळशा टेकड्यांवर 1900 सालचा पंजाब भूसंधारण कायदा लागू आहे आणि अधिसूचित जमिनीवर परवानगीशिवाय झाड तोडणं गुन्हा आहे. 2022 च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने अशा जमिनी वनच आहेत, असा निर्वाळाही दिला. डोंगर वाचायचा तर कायदा हवाच. हा डोंगर आहे म्हणून राजस्थानची वाळू दिल्लीवर यायला अडते, पाऊस जमिनीत मुरतो. पण त्याच डोंगरात फार्महाऊस उठली, लग्नाचे हॉल उठले, त्यासाठी बुलडोझर फिरले. पहारेकऱ्याला मोळी तेवढी चटकन दिसत असावी. एकदा एकाने ताईंची कुऱ्हाड काढून घेतली होती. नवी घ्यायला मडक्यात जमवलेले पैसे गेले.

दिल्लीच्या वसंत विहारमधल्या अरवली जैवविविधता उद्यानात कीकरची सद्दी मोडून देशी झाडांचं रान उभं केलं आहे. काकूंनी ते पाहिलं होतं आणि त्यांना फार आवडलं होतं. तसं इथेही व्हावं, असं त्यांना वाटे. फक्त आता त्यासोबत दुसरा विचारही येई, की त्या दिवशी ताईंच्या चुलीत काय जाईल?

13 जानेवारी 2025. लोहडी. इमारतीत दरवर्षी मोठी होळी पेटे आणि वर्गणी गोळा करायचं काम यंदा काकूंकडे होतं. पंजाबात लोहडी म्हणजे थंडीतला आनंदाचा सण. रेवड्या, शेंगदाणे, गाणी, नाच. काकूंना तो आपल्या शिमग्यासारखा वाटे. सकाळी वखारीतून टेम्पो आला. इथे वखारीला टाल म्हणतात. चार क्विंटल चिरलेली लाकडं अंगणात उतरली. त्याच वेळी ताई पारावर विसावा घेत होत्या. फाटकातून त्यांनी तो ढीग पाहिला आणि विचारलं,

"किस का ब्याह है?"

त्यांच्याकडे एवढं सरपण एकदम जमतं ते लग्नाच्या जेवणावळीसाठीच.

"लग्न नाही. संध्याकाळी जाळायचं आहे."

"सगळं?"

"सगळं."

ताई काही बोलल्या नाहीत. मनातल्या मनात त्यांनी मोजलं असावं, कारण थोड्या वेळाने म्हणाल्या, "पंधरा खेपा." संध्याकाळी होळी छान पेटली. काकूंनी रेवड्या टाकल्या, पण घरी जरा लवकर परतल्या.

फेब्रुवारीत ताई दिसेनाशा झाल्या. चौथ्या दिवशी बायकांच्या रांगेत शेवटी एक नवी मुलगी दिसली. बावीस-तेविसाची, डोक्यावर मोळी, आणि ओढणीखालून पोट स्पष्ट दिसत होतं. ताईंची सून. सातवा महिना. ताईंच्या तळव्यात कीकरचा काटा मोडून हात सुजला होता, पू झाला होता.

"शेवटी कोण राहतं? तुला मोळी कोण उचलून देतं?" काकूंनी घाबरून विचारलं.

"मी दगडावरून घेते. सासूबाईंसारखी," ती पोरगी म्हणाली. आवाजात थोडा अभिमानही होता.

काकू त्या दिवशी प्रथमच गावात गेल्या. ताई अंगणात खाटेवर होत्या, हाताला हळद-तेलाची पट्टी. स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. सून आल्या आल्या चुलीशी बसली. भिंती काळ्या, छपराला काजळीच्या जळमटांची लोंबणारी झुंबरं. फुंकर घालता घालता ती खोकली. कोरडा, खोल, थांबता थांबत नाही असा खोकला. काकूंनी तो ओळखला.

जे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते त्यांनी खाटेच्या कडेवर बसून ताईंना सांगितलं. त्यांची आई 1987 साली गेली, बावन्नाव्या वर्षी. शेवटची चार वर्षं तिला आडवं झोपता येत नव्हतं. रत्नागिरीला नेलं तेव्हा छातीचा फोटो पाहून डॉक्टरांनी विचारलं होतं, "या विडी किती ओढायच्या?" आईने जन्मात विडीला हात लावला नव्हता. तिने फुंकणी फुंकली होती. त्या वर्षांत सरकारच्या निर्धूर चुली गावात आल्या होत्या. घरी बसवलेल्या चुलीचं धुराडं सहा महिन्यांत कोंदलं आणि ती मोडून जुनी मांडली. घरात सगळे म्हणाले, दमा तिच्या नशिबातच होता. काकूही तसंच म्हणत आल्या. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की घरातल्या धुराने जगात 2020 या एका वर्षात 32 लाख माणसं गेली. दिल्लीच्या धुक्याच्या बातम्या रोज छापून येतात, हवेचे आकडे रस्त्यारस्त्यावर झळकतात. या खिडकी नसलेल्या खोलीत आकडे दाखवणारं यंत्र कुणी लावलेलं नव्हतं.

ताई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तुम्ही तर म्हणायचात, चुलीच्या भाकरीची चव..."

"म्हणायचे," काकू म्हणाल्या.

ताईंना दवाखान्यात नेलं, काटा निघाला, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. काकूंनी सिलिंडरचे पैसे देऊ केले तेव्हा त्यांनी साफ नाकारले. "आज द्याल. पुढच्या महिन्यात?" प्रश्न रास्त होता. उत्तर ताईंच्या सुनेला सुचलं. ती बारावी शिकलेली होती. इमारतीत लोक दूध कितीला घेतात, तिने विचारलं. काकूंनी सांगितलं, म्हशीचं चांगलं दूध सत्तर रुपये लिटर, आणि तरी पाणी घातलेलंच. सुनेने बोटांवर हिशेब केला. अकरा-बारा लिटर म्हणजे एक सिलिंडर!

डेअरीच्या रतिबातून रोज दोन लिटर दूध बाजूला निघालं. सासरे कुरकुरले, दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. ताईंनी त्यांच्यापुढे हुक्का भरून ठेवला आणि दूध बाजूला काढणं चालूच ठेवलं. काकू आणि दोन शेजारणी, त्यांतली एक 'काकू जी' म्हणणारी, ते दूध घेऊ लागल्या. पैसे रोज रोख, सुनेच्या हातात. तिने खाऊच्या डब्यात ठेवले, सासऱ्यांच्या दृष्टीआड. मार्चअखेर पहिला सिलिंडर भरून आला.

चूल गेली नाही. असं एका सिलिंडरने काही होत नाही. पहाटेचा चहा, दूध, भाजी आणि पावसाळी दिवसांचा सगळा स्वयंपाक गॅसवर. भाकरी अजून चुलीवर, पण चूल खोलीतून अंगणात छपराखाली आली. बाळंतिणीचं पाणीही तिथेच तापलं. एप्रिलमध्ये मुलगी झाली. बारशाला काकूंनी झबली-टोपडी नेली. तिथे परत पाठवणीला ताईंनी बाजरीच्या भाकऱ्या बांधून दिल्या. त्या चुलीवरच्या होत्या आणि चवीला, खरं सांगायचं तर, अप्रतिम होत्या.

भिंतीवरची कोयती काकूंनी एकदा ताईंना दाखवली. मनात होतं, देऊन टाकावी, भिंतीवर टांगून काय करायची? ताईंनी तिची धार अंगठ्याने पाहिली, हवेत एकदा फिरवली आणि परत दिली.

"हलकी आहे. कीकरला नाही चालायची. तुमच्याकडचं लाकूड नरम असेल."

काकूंना ऐनाच्या लाकडाबद्दल बरंच काही सांगायचं होतं. पण त्यांनी कोयती मुकाट्याने पुन्हा खिळ्याला लावली आणि बाजारातून जाड कातडी मोज्यांचे पाच जोड आणले, माळीकामाचे.

आता खेपा आठवड्यात दोनच होतात. मोळीही लहान. त्या दिवशी मात्र पारावरून उठताना ताईंच्या सोबतिणी पुढे निघून गेल्या होत्या. आजूबाजूला उंच दगड नव्हता. काकूंनी पिशवी खाली ठेवली, साडीचा पदर खोचला आणि मोळीच्या एका बाजूला हात घातला.

"जमेल?" ताईंनी विचारलं.

"तुम्ही ईंढी नीट धरा," काकू म्हणाल्या. "एक, दोन..."